आधी मोजणी, मग आवराआवर, मग डागडुजी

 

एरवी मी इथे लढायांबद्दल बोलतो. फौजेत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून तुमची तीच अपेक्षा असते. आज मात्र विषय घरचा आहे. घराची डागडुजी, घरातली अडगळ आणि या दोन्हींच्या मागे उभा असलेला पैशांचा प्रश्न. यात इतिहास कुठे आला, असं तुम्ही विचाराल. गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा मी शिवकाळातले दोन कागद आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलेला एक छोटा ग्रंथ पुन्हा वाचायला घेतला. पूर्वी ते अभ्यासासाठी वाचले होते. या वेळी गरज म्हणून वाचले, आणि खरं सांगतो, जास्त समजले.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे गरज का पडली ते कळेल.

आमचं घर महूला आहे. इंदूरजवळची ही जुनी लष्करी छावणी. कोर्सच्या निमित्ताने दोन-तीनदा आलो होतो, हवा आवडली, आणि निवृत्तीआधीच इथे एक छोटं बैठं घर बांधून ठेवलं. त्याला आता वीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न ठरलं आणि मला हुरूप आला. दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग केलं, नवे दिवे लावले, सगळं घर रंगवलं. गवंडी म्हणत होता, "साहेब, गच्चीला तडे आहेत, आधी ते बुजवू." मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. पहिल्याच पावसाळ्यात त्या नव्या सीलिंगवर ओलीचा डाग पसरला आणि भिंतींच्या रंगाचे पोपडे निघाले. पुढच्या वर्षी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. वरखर्चासाठी आणि घरी मदतनीस ठेवण्यासाठी हाताशी पैसे हवे होते, आणि ते पैसे आमच्या डोक्यावर सीलिंग होऊन लटकत होते. मुदत ठेव मुदतीआधीच मोडावी लागली. सौ. एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत मला चिपळूणच्या पत्राची आठवण झाली.

हे पत्र शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलं आहे. महिना मे, राज्याभिषेकाच्या अगदी आधीचा काळ. परिस्थिती काय होती ते समजून घ्या. पावसाळा तोंडावर आला होता. लष्कर आता घाटावर नेण्यासारखं नव्हतं, म्हणून घोडी कोकणातच छावणीला ठेवली. पण त्याआधी चिपळुणात लष्कराचा मुक्काम पडला होता आणि दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जमवून ठेवलेला दाणा-वैरणीचा बराचसा साठा त्या मुक्कामातच खर्च झाला होता. पुढच्या चार महिन्यांची बेगमी उन्हाळ्यातच उडाली. मग कारकुनांकडून, किल्ल्यांवरून, जिथून मिळेल तिथून गोळा करून महाराजांनी पागेची सोय लावली, आणि मग हे पत्र लिहिलं.

पत्रातला पहिला मुद्दा असा. जमवाजमव करून दिलेला दाणा आणि गवत आहे तोवर मनाला येईल तसं चाराल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. मग उपास पडतील, घोडी मरायला लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. शिवाय साठा संपला की शिपाई रयतेच्या घरात शिरणार, कुणाचं धान्य, कुणाची लाकडं, कुणाची भाजी उचलणार. रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून रोजचं मोजून द्या, आणि जे हवं ते बाजारातून पैसे देऊन आणा.

फौजेत आम्ही याला रेशनिंग म्हणतो आणि नव्या लेफ्टनंटला पहिल्या महिन्यात शिकवतो. मी स्वतः शिकवलंय. आणि तरीही घरी काय केलं? पेन्शनबरोबर एकदाच मिळालेली रक्कम म्हणजे आमचा पावसाळ्याचा साठा. ती "आहे तोवर" खर्चाला काढली. निवृत्त माणसाचा पावसाळा चार महिन्यांचा नसतो, पंचवीस वर्षांचाही असू शकतो, आणि त्याचा मृग कधी लागेल ते कुणी सांगत नाही.

म्हणून गेल्या वर्षी गच्चीचं काम काढायचं ठरलं तेव्हा पहिल्या दिवशी गवंड्याला बोलावलं नाही. एक वही घेतली आणि बसलो. महिन्याला येतं किती, जातं किती, औषधपाण्याला किती, ठेवी कुठे, कधी पिकणार. चार दिवस लागले. त्यातून एक आकडा निघाला, की कशालाही धक्का न लावता घरावर घालता येतील असे चार लाख रुपये आहेत. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, किचन मॉड्युलर करून टाका ना, हप्त्यांवर होतं." त्याला म्हटलं, हप्ता म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली वैरण आज चारणं. तो हसला, पण पुढे काही बोलला नाही.

आता चिपळूणच्या पत्राचा दुसरा मुद्दा. तो अडगळीचा आहे, आणि मला तो फार आवडतो. महाराज लिहितात त्याचा आशय असा. गवताच्या गंजीशेजारी कुणी चुली पेटवतील, कुणी तंबाखू ओढायला आगटी करतील, कुणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल आणि जळती वात उंदीर घेऊन जाईल. एक गंजी पेटली की सगळं गवत आणि सगळे लहाण जातील. लहाण म्हणजे घोड्यांच्या छपरी. मग कुणाची मुंडकी मारली तरी नवी छपरी बांधायला लाकूड मिळणार नाही. म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून बघावं.

विचार करा. एक राजा, राज्याभिषेकाची वेळ जवळ आलेली, आणि उंदीर वात कुठे नेईल याचा विचार करतोय. माझ्या घरात उंदराला वात न्यायला जागा होती का? भरपूर होती. बदल्यांच्या आयुष्यात काळ्या ट्रंका वाढत जातात. आमच्याकडे अकरा होत्या, मागच्या खोलीत एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्या मागे विजेचा मुख्य बोर्ड. त्या बोर्डापर्यंत हात पोचायला तीन ट्रंका हलवाव्या लागत. फौजी माणसाचं घर, आणि आग लागली तर मेन स्विच सापडू नये!

अडगळ काढायला घेतली तेव्हा मी दुसरा आधार घेतला तो आज्ञापत्राचा. रामचंद्रपंत अमात्य हे शिवाजी महाराजांच्या हाताखाली कामाला लागले, पुढे संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई अशा सगळ्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, म्हातारपणी, त्यांनी कोल्हापूरच्या गादीसाठी हा राज्यकारभाराचा ग्रंथ लिहिला. मुत्सद्देगिरीबद्दल त्यात खूप आहे. पण दुर्गांच्या प्रकरणात हा माणूस अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखा बोलतो.

गडावर वाटांवर, बाजारात, तटाशी केरकचरा पडू देऊ नये. झाडून घ्यावा. पण तो गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा. राजवाडा सोडला तर गडावर मोठाल्या इमारतीचं घर बांधू नये. जे बांधाल त्याच्या भिंतींत उंदीर, विंचू, किडा-मुंगी राहील अशी फट ठेवू नये. म्हणजे थाट कमी, फटी बंद. माझ्या फॉल्स सीलिंगबद्दल पंतांनी काय म्हटलं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

फौजेतही जुन्या सामानाचा नियम असतो. अधिकाऱ्यांचं मंडळ बसतं, एकेक वस्तू समोर येते, आणि तिचे तीन प्रकार होतात. कामाची, दुरुस्तीजोगी, आणि बीईआर. बीईआर म्हणजे बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर, जिची दुरुस्ती परवडत नाही अशी. मी मागच्या अंगणात खडूने तीन चौकोन आखले आणि ट्रंका उघडायला सुरुवात केली. सौ. दारात येऊन म्हणाली, "अहो, घर आवरताय की मोहीम काढलीय?"

पहिले दोन दिवस झकास गेले. बुरशी आलेले बूट, कोर्सच्या टिपणांचे गठ्ठे, मेससारख्या पार्ट्या द्यायच्या म्हणून घेतलेला चोवीस जणांचा डिनर सेट, ज्यातल्या सतरा बशा शिल्लक होत्या. तिसऱ्या दिवशी आईचा तांब्याचा बंब निघाला. तळाला भोक, नळ गायब. मी तो उचलून बीईआरच्या चौकोनात ठेवला आणि कबाडीवाल्याला फोन केला. इकडे भंगारवाल्याला कबाडी म्हणतात. सौ.ने बंब परत आत नेला. म्हणाली, "हा तुमचा एकट्याचा आहे का? ताईंना विचारलंत?"

मला राग आला. मंडळाचा निर्णय झाला होता! पण रात्री आज्ञापत्रातला आरमाराचा भाग आठवला आणि मी गप्प झालो. आरमाराला लाकूड लागतं. पंत म्हणतात, आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती अजिबात करू नये. म्हणजे जीर्ण झालंय हे नुसतं ठरवणं पुरेसं नाही. ते कुणाचं आहे आणि तो राजी आहे का, हेही विचारावं लागतं. राज्याच्या आरमारासाठीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मिरजेला ताईला फोन लावला. बंबाचं नाव काढताच ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दिवाळीत पहाटे त्याचा जाळ मी घालायचे. देऊ नकोस कुणाला." बंब आता मिरजेला तिच्या अंगणात आहे, त्यात तिने तुळस लावलीय. मंडळाचा निर्णय चुकला होता. उरलेल्या ट्रंका आम्ही दोघांनी मिळून उघडल्या. वेळ दुप्पट लागला, भांडण एकही झालं नाही. अकराच्या तीन झाल्या, आणि विजेचा बोर्ड मोकळा झाला.

मोजणी झाली, आवराआवर झाली. आता डागडुजी. इथे तिसरा कागद येतो.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ हाती राहिले. १६७० मध्ये सिंहगड, पुरंदर, लोहगड असे एकेक करून ते परत आले. दुसऱ्याच्या ताब्यात पाच वर्षं राहिलेलं घर परत मिळालं की कसं असतं, हे वारंवार क्वार्टर बदललेल्या कुठल्याही फौजीला विचारा. त्यानंतर १६७१-७२ च्या सुमारास किल्ल्यांच्या इमारतींसाठी मंजूर केलेल्या रकमांची एक यादी उपलब्ध आहे. एकूण रक्कम १,७५,००० होन. होन म्हणजे सोन्याचं नाणं.

यादी अशी आहे. रायगड ५०,०००. त्यानंतर सिंहगड, प्रतापगड, पुरंदर, राजगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग, प्रत्येकी १०,०००. मग प्रचंडगड, म्हणजे तोरणा, विशाळगड, लोहगड, सुधागड, महिपतगड अशांना ५,००० च्या रकमा. कोरीगडला ३,०००, सरसगडला २,०००, मनोहरगडला अवघे १,०००. आणि शेवटी किरकोळ म्हणून ७,०००.

मी ही यादी आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली आणि सौ.ला म्हटलं, हे बघ, हे अंदाजपत्रक आहे. त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली, सगळ्यांना सारखं नाही. रायगडला एकूण रकमेच्या सुमारे २९ टक्के, कारण ती राजधानी व्हायची होती. मनोहरगडला एक टक्काही नाही. म्हणून मनोहरगड नावडता होता असं नव्हे, त्याचं काम तेवढंच होतं. घरातही प्रत्येक खोलीला थोडं थोडं वाटून दिलं की कुठलंच काम पुरं होत नाही.

दुसरी, यादीत सगळे किल्ले नाहीतच. स्वराज्यात याहून जास्त किल्ले होते. ज्यांचं काम या खेपेला काढायचं नाही ते यादीत घेतले नाहीत. हे "या खेपेला नाही" म्हणणं फार अवघड असतं. आमच्या यादीतून बैठकीची खोली अशीच गेली.

तिसरी, किरकोळ ७,०००. म्हणजे बरोबर चार टक्के. फोडल्याशिवाय भिंतीत काय आहे ते कळत नाही, हे त्या काळच्या कारकुनालाही ठाऊक होतं. मी जरा भित्रा, मी दहा टक्के ठेवले.

मग आमचा रायगड कोणता? गच्ची. चार लाखांतले दीड लाख तिला: तडे उकरून भरणं, वॉटरप्रूफिंग, पाण्याचा उतार नीट करणं. त्याखालोखाल न्हाणीघर. घसरणारी फरशी बदलली, भिंतीला धरायला दांड्या लावल्या, उंबरा काढला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईसाठी तो उंबरा म्हणजे कडाच होता. मग वायरिंग. मग पाणी. पंत म्हणतात की गडावर एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये, तोफांच्या हादऱ्याने झरा आटतो, म्हणून जोडीला साठ्याच्या पाण्याची दोन-चार टाकी असावीत. आमच्याकडे तोफा नाहीत, पण उन्हाळ्यात बोअर आटते. गच्चीवरच्या पावसाचं पाणी साठवायला एक टाकी बसवली. स्वयंपाकघराला शेवटी उरले पस्तीस हजार. त्यात ओट्याचा दगड बदलला, सिंक बदललं आणि जुन्या सागवानी फडताळाला नव्या बिजागऱ्या लावल्या. मॉड्युलर काही नाही. तोडताना न्हाणीघरातला एक जुना पाइप कुजलेला निघाला, तो किरकोळीतून गेला. किरकोळीतले अकरा हजार उरले.

काम चालू असताना एक दिवस धुळीला कंटाळून आम्ही दोघं महेश्वरला गेलो. महूहून घाट उतरला की नर्मदाकाठी महेश्वर, दीड-दोन तासांची वाट. अहिल्याबाई होळकरांचा वाडा तिथे आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस थबकतो. जिने १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला, काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं, गयेला विष्णुपद मंदिर बांधलं, ठिकठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, तिचं स्वतःचं घर लाकडी खांबांचं, साधं, चौकाचं.

होळकरशाहीत पैशांच्या दोन थैल्या वेगळ्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. दुसरी खासगीची, म्हणजे राजस्त्रियांच्या स्वतःच्या उत्पन्नाची. अहिल्याबाईंचा दानधर्म आणि ही बांधकामं खासगीतून झाली. एका थैलीचा हात दुसरीत जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त.

वाड्याच्या ओसरीवर बसल्या बसल्या सौ. म्हणाली, "आपली चूक सीलिंगची नव्हती. ऑपरेशनची थैली आणि लग्नाची थैली एकच होती, ती चूक होती." तीन वर्षांत त्या विषयावर ती पहिल्यांदा बोलली. मी मान डोलावली. परत आल्यावर बँकेत तीन खाती केली. रोजच्या खर्चाचं, घराचं आणि आजारपणाचं. तिसऱ्या खात्यातून पैसे काढायला दोघांची सही लागते. हा नियम मी नाही, तिने केला.

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री दोनला आला. जुन्या सवयीने मी बॅटरी घेऊन घरभर फिरलो. चिपळूणच्या हवालदारांना सांगितलं होतं ना, स्वतः फिरून बघा, म्हणून. छत कोरडं होतं. बाहेर टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. दिवाणखान्याच्या सीलिंगवर तीन वर्षांपूर्वीचा तो तपकिरी डाग अजून आहे. रंग लावला नाही, कारण तो या खेपेच्या यादीत नव्हता. पुढच्या वर्षी बघू. आधी वही उघडू.

तुमच्या घरातही एखादी गच्ची असेल, एखादा बंब असेल. काम काढण्याआधी चार दिवस मोजायला द्या, टाकण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा, आणि यादीत किरकोळ लिहायला विसरू नका.

पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे वळू. तोवर नमस्कार. जय हिंद.